तत्त्वतः हरकत नाही

आमच्या गल्लीतील कचराकुंडीला चाके बसविली, ही नगरपालिकेच्या आरोग्यखात्याची मूळ चूक होय. पूर्वीची सिमेंटची कुंडी जमिनीत रुतलेली होती; तिच्या शेजारी घर असणे ज्याच्या कपाळी आले त्याने ते पूर्वजन्मीचे देणे समजून मुकाट्याने फेडले, आणि उरलेल्या गल्लीने त्याच्याविषयी, नाकाला रुमाल लावून का होईना, मनःपूर्वक सहानुभूती बाळगली. परंतु लोखंडी पेटी, तिला चार चाके आणि ढकलण्यास सोयीचा दांडा अशी नवी कुंडी आली मात्र, आणि गल्लीतल्या अठरा बिऱ्हाडांना आपापल्या प्राक्तनाचा फेरविचार करण्याची सवलत प्राप्त झाली. संध्याकाळी कुंडी वकीलसाहेबांच्या फाटकासमोर असे. रात्री अकराच्या सुमारास रस्त्यावर चाकांची करकर ऐकू येई, आणि सकाळी पाहावे तो ती आमच्या दारात उभी! आम्ही सभ्य माणसे असल्यामुळे दिवसाढवळ्या तिला हात लावीत नसू. रात्री जेवणखाण आटोपून, सामसूम झाल्याची खात्री करून, मी आणि आमचे कुटुंब अशी दोघे मिळून तिला निवृत्त तहसीलदारांच्या कुंपणापर्यंत पोचवून येत असू. वधूला सासरी पोचविताना होते तशी एक हुरहूर त्या वेळी आमच्याही मनात असे, फरक इतकाच की माहेरी परत येऊ नकोस असे आम्ही तिला बजावून सांगत असू.

पुढे तहसीलदारसाहेबांनी साखळी आणि कुलूप आणून कुंडी वकीलसाहेबांच्या समोरील विजेच्या खांबाला जखडली. वकीलसाहेबांनी नोटीस काढण्याचे ठरविले, पण ती तहसीलदारांच्या नावे काढावी, नगरपालिकेच्या की कुंडीच्या, या कायदेशीर मुद्द्यावर त्यांचे दोन रविवार गेले. आणि तेवढ्यात नगरपालिकेने शहर ‘कुंडीमुक्त’ झाल्याचे जाहीर करून कुंडीच उचलून नेली. तिच्या जागी घंटागाडी आली. घंटागाडीची वेळ सकाळी सात ते साडेअकरा यांच्या दरम्यान केव्हाही असल्याने आणि तिच्या कर्ण्यावरचे गाणे ऐकून पिशवी घेऊन धावत फाटकापर्यंत जावे तो ते गाणे पुढच्या चौकातून ऐकू येत असल्याने, आमच्या गल्लीत प्रभातफेरीची निरोगी सवय एकाएकी वाढीस लागली. पहाटे साडेपाचला पाहावे तर प्रत्येक जण झपझप चालत आहे आणि प्रत्येकाच्या हातात, शरीरापासून किंचित दूर धरलेली, एक पिशवी आहे. जाताना असे, येताना नसे. ती कोठे राहिली हे कोणी कोणास विचारीत नसे.

अशा या वातावरणात मी स्थानिक साप्ताहिकात नागरिकांच्या कर्तव्यबुद्धीवर एक कडक पत्र लिहिले, आणि त्याची शिक्षा मला तत्काळ मिळाली. घनकचरा भूभरण-स्थळ निवड समितीवर ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणून माझी नेमणूक झाल्याचा लखोटा शिपाई घेऊन आला. मी चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला असल्याने नकाशा सुलटा धरणारा एक तरी मनुष्य समितीत असावा, असा त्यामागे विचार असावा. समितीचे अध्यक्ष, योगायोगाने, आमच्याच गल्लीतील निवृत्त तहसीलदार होते. कुंडीच्या प्रश्नात आम्ही दोघे अनेक महिने प्रतिपक्षी होतो. आता एकाच सतरंजीवर बसलो.

प्रश्न तातडीचा होता. शहराचा जुना डेपो ज्या गावाच्या शिवारात होता त्या गावाने गाड्या अडविल्या होत्या. हा डेपो ‘तात्पुरता’ म्हणून सुरू झाला होता, आणि आमच्या दप्तरात तात्पुरती झालेली वस्तू सहसा वारसांकडे जाते. त्या काळी तो गावाबाहेर म्हणजे खरोखरीच बाहेर होता. परंतु पुढे शहर त्याच्या दिशेने चालत गेले, कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट पडले, आणि ज्यांनी स्वस्त म्हणून ते घेतले त्यांना ते स्वस्त का आहेत याचा उलगडा पहिल्या पावसाळ्यात झाला.

पहिल्याच बैठकीत मी कंपासपेटी घेऊन गेलो. आरोग्य निरीक्षकांनी २०१६ सालच्या नियमांचे बाड उघडून एकेक अंतर मोठ्याने वाचावे आणि मी नकाशावर वर्तुळ काढावे, अशी कामाची वाटणी झाली. नदीपासून १०० मीटर; तळ्यापासून २०० मीटर; हमरस्ता, वस्ती, सार्वजनिक बागा आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर; शिवाय जागा अशी की ती निदान २० ते २५ वर्षे पुरावी. वर्तुळे काढता काढता माझी पेन्सिल दोनदा तासावी लागली, तरीही तालुक्याच्या नकाशावर अधूनमधून पांढरे ठिपके शिल्लक होते आणि समितीच्या तोंडावर थोडी आशा होती. इतक्यात निरीक्षक म्हणाले, “विमानतळापासून २० किलोमीटर.”

“आपल्याकडे विमानतळ कुठे आहे?” मी विचारले.

“धावपट्टी आहे.”

“तिच्यावर शेळ्या चरतात.”

“पण पुढाऱ्यांचे विमान उतरते. मागच्या निवडणुकीत दोनदा उतरले,” अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. “कचऱ्यावर घारी येतात. घार आणि पुढारी एकाच उंचीवर आले तर जबाबदार कोण?”

माझ्या कंपासात २० किलोमीटर मावेनात, म्हणून शिपायाने सुतळी आणली. तिच्या एका टोकाला मी पेन्सिल बांधली, दुसरे टोक धावपट्टीवर अंगठ्याने दाबून धरले आणि फिरविली, तेव्हा ती संपूर्ण तालुक्याला वळसा घालून शेजारच्या तालुक्यातून टेबलाच्या कडेवरून खाली गेली. विशेष बाब म्हणून विमानखात्याचे ना-हरकत पत्र आणल्यास १० किलोमीटरपर्यंत जवळ येता येते, असे निरीक्षकांनी पुढचे वाक्य वाचून दाखविले तेव्हा कोठे चहा मागविण्यात आला.

या कामासाठी मी बराच अभ्यासही केला, आणि अभ्यास केला म्हणजे तो दुसऱ्यास सांगावा लागतो, ही शिक्षकी पेशाची खोड आहे. मुंबईकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच कुर्ल्याहून चेंबूरकडे कचरा वाहून नेण्यासाठी रेल्वेचा फाटा टाकला होता. कचऱ्याला रेल्वे मिळाली ती आधी. माणसांना त्या मार्गावरून प्रवास करण्याची मुभा मिळाली ती १९२४ साली. तीन वर्षांनी, १९२७ साली, देवनारचा डेपो सुरू झाला, आणि मग शहर त्याच्या भोवती वाढत वाढत गेले. पुण्याने आपला कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे धाडला आणि २०१७ साली ती गावेच महापालिकेच्या हद्दीत घेतली. म्हणजे कचरा पुढे गेला आणि शहर आपल्या सामानाच्या मागोमाग मुक्कामास पोचले. औरंगाबादेत २०१८च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी गाड्या बंद केल्या, तेव्हा त्या गाड्या मिटमिट्याकडे वळल्या आणि तेथे त्यांचे स्वागत दगडांनी झाले. कित्येक आठवडे शहराचा कचरा शहरातच राहिला. हे सगळे मी समितीला तासभर समजावून सांगितले. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: “मग गोव्याला काय करतात?”

गोव्याचे नाव निघताच समितीत जे चैतन्य संचारले ते त्यापूर्वी दिसले नव्हते आणि त्यानंतरही दिसले नाही. अभ्यासदौरा एकमताने मंजूर झाला. साळगावच्या पठारावर २०१६ सालापासून कचरा-प्रक्रियेचा कारखाना चालतो, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज होते, ही गोष्ट खरी आणि पाहण्यासारखीही आहे. चार दिवसांच्या दौऱ्यात आम्ही ती पाऊण तास पाहिली. बाकीचा काळ समुद्राच्या भरती-ओहोटीचा अभ्यास करण्यात गेला. कारखाना दाखविणाऱ्या गृहस्थांना मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, “येथे लोकांचा विरोध नव्हता का?” ते हसले आणि म्हणाले, “कुठे नसतो? बायंगिणीला विचारून पाहा.” जुन्या गोव्याजवळच्या त्या गावात असाच दुसरा प्रकल्प वर्षानुवर्षे स्थानिकांच्या विरोधात अडकला होता. परतीच्या वाटेवर काजूची रिकामी पाकिटे गाडीत साठली, तेव्हा ती कोठे टाकावी यावर सीमेपर्यंत चर्चा झाली. निर्णय घाटात, अंधारात झाला. हे मी लिहावयास नको होते.

मग स्थळपाहणी सुरू झाली. पहिली जागा एका गावचे गायरान. नकाशावर ते ओसाड होते, आदल्या आठवड्यात निरीक्षक पाहून आले तेव्हाही ओसाड होते. परंतु आम्ही पोचलो तो मध्यभागी एक शेंदरी धोंडा, त्यावर चार खांबांचा पत्रा आणि पुढे पन्नास-साठ माणसे हात जोडून बसलेली. मुख्याधिकारी भाविक, त्यांनी जोडे काढले, पुढे होऊन देवाच्या पायांना हात लावला, आणि तो हात त्यांनी कपाळाला लावताच कपाळ, चष्मा आणि पांढऱ्या सदऱ्याची बाही सगळे एकरंगी झाले.

“शेंदूर ओला आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“रोजचा असतोय,” सरपंच म्हणाले. “म्हसोबा पांडवांच्या काळातला हाय.”

“दप्तरात नोंद दिसत नाही.”

“पांडवांच्या काळात तलाठी नव्हता, सायेब.”

तहसीलदारीत उभा जन्म गेलेल्या मनुष्याला तलाठ्याशिवायचा काळ कल्पनेतही आणता येत नाही. ते निरुत्तर होऊन गाडीत जाऊन बसले.

मी मात्र तेवढ्यावर हटलो नाही. पारावर सभा भरवून मी फळ्यावर आकृती काढली आणि समजावून सांगितले की, हा उकिरडा नव्हे. हे शास्त्रोक्त भूभरण आहे. ओला कचरा येथे येणारच नाही, सुका निवडून विकला जाईल, आणि ज्याचे काहीच होत नाही तेवढेच येथे पुरले जाईल; खाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर, वर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा, थेंबभर घाण पाणी जमिनीत उतरावयाचे नाही. मुले वर्गात झोपत तशी एक-दोन माणसे झोपली. मागच्या रांगेतून एक म्हातारे आबा उठले.

“मास्तर, ह्यो शेततळ्यात टाकत्यात त्योच कागद ना?”

“तसाच, पण तिप्पट जाड.”

“माझा दोन वर्सांत उंदरांनी कुरतडला.”

“हा तिप्पट जाड आहे, आबा.”

“मंग उंदरांना सहा वर्सं लागतील,” आबा म्हणाले आणि खाली बसले. त्रैराशिक अचूक होते; मी फळा पुसला.

सरपंच शेवटी उठले आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणता ह्यात घाण काही नाही, वास नाही, माशी नाही, उलट वीज आहे, खत आहे. मग एवढी चांगली वस्तू शहर आम्हांला फुकट का देतंय? चांगली वस्तू तुम्ही गावाबाहेर आजवर कधी दिली?” या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या बाडात नव्हते.

दुसरी जागा एक सोडून दिलेली दगडाची खाण. ती आम्हा सर्वांना फार पसंत पडली, कारण खड्डा आयता होता. तेथे अडचण अशी की खड्ड्यात पाणी होते. तळ्यापासून २०० मीटर हा नियम. तेव्हा हे तळे आहे की खाण, यावर काठावर उभे राहून समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी जुन्या सवयीने तडजोड सुचविली: पावसाळ्यात तळे, उन्हाळ्यात खाण. निरीक्षक अंतर मोजू लागले. फितीचे दुसरे टोक ज्या पोराच्या हाती दिले होते त्याने त्या टोकासकट पाण्यात सूर मारला, आणि निरीक्षक फीत सोडवायला वाकले तेव्हा त्यांचा मोबाइल खिशातून निघून शासकीय कामी आला. मी त्यांना हात देण्यासाठी पुढे झालो आणि माझी डावी चप्पल चिखलात राहिली.

चप्पल शोधताना मला काठालगत कचऱ्याचा एक ढीग दिसला. म्हणजे आमच्याआधीच कोणी तरी ही जागा निवडली होती, आणि तीही समितीशिवाय! टेंपोवाला डेपोपर्यंतचे डिझेल वाचविण्यासाठी रात्री येथे माल उतरवितो, असे गावकरी म्हणाले. त्या ढिगात एका साडीच्या दुकानाची जांभळी पिशवी होती. तिचे तोंड दोन वेढे आणि एक उलटी गाठ अशा पद्धतीने बांधलेले होते. जगात ती गाठ फक्त आमचे कुटुंब बांधते. मी पिशवीकडे पाठ करून उभा राहिलो. परंतु गावातल्या एका चौकस तरुणाने काठीने ती फाडली, आतून वांग्याची देठे, चहाचा चोथा आणि त्यात भिजलेले एक विजेचे बिल निघाले, आणि त्याने ते ग्राहक क्रमांकासकट मोठ्याने वाचावयास प्रारंभ केला.

“नाव तुमचंच ना, गुरुजी?”

“एकाच नावाची माणसे असतात,” मी म्हणालो.

“पत्ताही एकच असतो?”

वर्गात उत्तरपत्रिका वाचून दाखवून मी पोरांची जी शोभा चौतीस वर्षे केली, तिची परतफेड त्या अनवाणी डाव्या पायावर उभे राहून मी केली. अध्यक्षांनी मला धीर दिला नाही. त्यांचे सारे लक्ष ढिगातील दुसऱ्या एका पिशवीवर होते, आणि ती कोणी फाडण्यापूर्वी त्यांनी पाहणी तहकूब झाल्याचे जाहीर केले.

शेवटी जनसुनावणी झाली. नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जितके वक्ते उठले त्या सर्वांचा आरंभ एकच होता: “कचऱ्याचा प्रश्न सुटलाच पाहिजे, प्रकल्पाला आमची तत्त्वतः हरकत नाही, परंतु...” त्या ‘परंतु’च्या पुढे एकाला द्राक्षबाग होती, एकाला विहीर, एकाला शाळा, एकाला मंगल कार्यालय. आमच्या वकीलसाहेबांना त्या परिसरात प्लॉट होता, हे मला प्रथमच कळले. बिल्डरांच्या प्रतिनिधींनी पर्यावरणावर इतके हृद्य भाषण केले की पर्यावरणवाल्यांना बोलावयास काही उरले नाही.

जुन्या डेपोच्या गावचे एक शेतकरी मात्र ‘तत्त्वतः’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “आमच्या विहिरीचं पाणी बैलसुद्धा हुंगून सोडतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्यापेक्षा माश्या जास्त. पोरगी द्यायला पाहुणे येतात, वारा फिरला की उठतात. तुम्ही नवीन जागा शोधा, नका शोधू. आमच्याकडे गाडी आता येणार नाही.” सभागृहात क्षणभर शांतता पसरली. सर्वांनी टाळ्या वाजविल्या आणि पुढचा वक्ता उठून म्हणाला, “यांच्या दुःखाशी आम्ही सहमत आहोत, परंतु...”

सुनावणी आटोपली तेव्हा सभागृहात वडापावचे कागद, चहाचे पेले, पाण्याच्या बाटल्या आणि हरकतींच्या झेरॉक्स प्रती यांचा घोट्यापर्यंत थर साचला होता. दोन सफाई कामगार खराट्याने तो एका कोपऱ्यात लोटीत होते. त्यांच्यातल्या वयस्क बाईंनी मुख्याधिकाऱ्यांना विचारले, “सायेब, डेपो बंद हाय. ह्ये कुठं टाकू?” मुख्याधिकाऱ्यांनी निरीक्षकांकडे पाहिले, निरीक्षकांनी अध्यक्षांकडे, अध्यक्षांनी माझ्याकडे. मी नकाशाची गुंडाळी करीत होतो. ती मी विशेष काळजीपूर्वक करू लागलो.

समितीचा अहवाल यथावकाश तयार झाला. योग्य जागेच्या निकषांचा साकल्याने विचार करण्यासाठी उपसमिती नेमावी आणि तोवर जुन्या डेपोलाच तात्पुरती मुदतवाढ देण्याविषयी गावकऱ्यांची समजूत काढावी, अशी त्यात शिफारस होती. एकशे चाळीस पृष्ठे, रंगीत नकाशे, वर-खाली प्लॅस्टिकची पारदर्शक वेष्टणे आणि पाठीला प्लॅस्टिकचे वेटोळे, अशा त्याच्या सहा प्रती मला सप्रेम भेट मिळाल्या. एक मी कपाटात ठेवली. उरलेल्या पाच माळ्यावर ठेवाव्यात असे मी सुचविताच आमच्या कुटुंबाने हरकत नोंदविली, आणि या घरात हरकतींवर सुनावणी होत नाही. रद्दीवाल्याने प्रत हातात घेऊन वाकविली, नखाने खरवडली आणि परत दिली. “ह्याला प्लॅस्टिक लागलंय, साहेब. कागदात धरत नाही, प्लॅस्टिकमध्ये पण धरत नाही.” वेटोळे काढून द्यावे असे त्याचे म्हणणे पडले, मी दोन तास खटपट केली, बोट कापून घेतले आणि नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, साडेपाचच्याही आधी, मी पाच प्रती एका जांभळ्या पिशवीत घालून, या खेपेस गाठ स्वतः साधी मारून, निघालो. ओढ्याकाठच्या वळणावर दिवा नाही. तेथे एक आकृती पाठमोरी उभी होती. गळपट्टा ओळखीचा होता. तिच्याही हातात पिशवी होती, आणि पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकचे वेटोळे बाहेर आले होते.

“फिरायला?” तहसीलदारसाहेबांनी विचारले.

“फिरायला,” मी म्हणालो.

आम्ही दोघेही काही वेळ ओढ्याकडे पाहत उभे राहिलो. मग त्यांनी सरकारी सवयीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “नदीपासून १०० मीटर. ओढ्याचा नियमांत स्वतंत्र उल्लेख नाही, नाही का?”